सिस्टरनी ओलीस धरलेला लेखक

खोली बघायला गेले तेव्हा घरात भांडण चालू होतं, म्हणून मी फाटकाशीच थांबले. भांडण एकतर्फी होतं. बाईचा आवाज खणखणीत, आणि समोरचा हूं की चूं करत नव्हता.

"एवढं मोठं तुहं नाव, शाळेच्या पुस्तकात धडा हाय तुहा, अन् एवढी साधी गोष्ट समजली नाही तुले?" मग जरा थांबून, "बोल नं! आता काहून गप?"

नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा, असा विचार करून मी मागे वळणार, तोच त्या बाहेर आल्या. उंच, काटक, अंगावर पांढरं सुती पातळ, डोक्याला ओला दुपट्टा. मे महिन्यातली टळटळीत दुपार होती.

"उन्हात काहून उभी? ये आत. चक्कर येऊन पडल्यावर घेशीन का खोली?"

व्हरांड्यात नवरा नव्हता. कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर एका माणसाचा ब्राँझचा अर्धपुतळा होता. रुंद कपाळ, खाली झुकलेल्या मिशा, कोटाची कॉलर. काळपट पडलेला, आणि मानेच्या सुरकुत्यांत हिरवट झालेला. त्याच्याही डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला होता.

"लू लागते त्याले," त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. मग माझं नाव-गाव न विचारता माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही नाही. खोली भेटीन. पहिले जेव."

तेव्हापासून माझी बदली होईपर्यंत मी त्यांच्या घरी राहिले. गावाचं नाव सांगत नाही. मारेगावच्या पुढे, राजूरच्या कोळसाखाणींच्या अलीकडे कुठेतरी, एवढं पुरे. गाव लहान आहे, माणसं अजून तिथेच आहेत. बाईंना सगळे सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. रस्त्यानं चालल्या की मिशा फुटलेले बाप्येही बाजूला सरकत, कारण त्यांतल्या निम्म्यांना जन्मल्याबरोबर पहिली थापटी सिस्टरच्याच हातची मिळालेली.

नाडी बघणं ही त्यांची नमस्काराची पद्धत होती. भाजीवाला असो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला असो, मनगट पुढे केल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. "तोंड खोटं बोलते, नाडी नाही बोलत," असं त्यांचं म्हणणं. एकदा पुतण्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाची नाडी धरून त्यांनी विचारलं, "पोरीचं वय खरं किती?" आणि त्यानं खरं सांगून टाकलं. मी जनावरांची डॉक्टर, पहिलीच नेमणूक, कोल्हापूरकडची. त्यामुळे माझं नाव लगेच पडलं, ढोरांची डॉक्टरीन. "तुहे पेशंट बरे," त्या म्हणायच्या. "बेल वाजवून बोलावत नाहीत, अन् नातेवाईक संगं आणत नाहीत."

पुतळा कोणाचा, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मराठी शाळेत गेलेल्या कोणालाही कळेल, एवढे मोठे ते लेखक. सिस्टर त्यांना लेखकबुवा म्हणायच्या, मीही तेच म्हणते. लेखकबुवा तरुणपणी या गावच्या जिनिंगमध्ये कारकून होते. कपाशीच्या गंज्यांमध्ये बसून त्यांनी पहिली मोठी कादंबरी लिहिली. पुढे नाव झालं, पुण्याला गेले. मग जिनिंगच्या मालकानं हौसेनं मुंबईच्या एका नामवंत शिल्पकाराकडून त्यांचा पुतळा करवून घेतला आणि गावच्या वाचनालयाला दिला. हे सगळं सिस्टरच्या जन्माआधीचं.

रोज संध्याकाळी चहा झाला की सिस्टर पुतळ्यासमोर खुर्ची ओढून मोठ्यानं वाचायच्या. मात्र लेखकबुवांचं एक अक्षरही नाही. "लेखक लोकाईले स्वतःचंच ऐकायची खोड रायते," त्या मला समजावत. "याले दुसऱ्याचं ऐकायची सवय लावून राह्यली." त्यामुळे लेखकबुवांनी त्या घरात काय काय ऐकलं! दिवाळी अंक, संतांची चरित्रं, लसीकरणाच्या पुस्तिका. एकदा हाताशी काहीच नव्हतं, तर माझं जनावरांच्या रोगांचं पुस्तक उचललं आणि गायीच्या कासदाहाचं अख्खं प्रकरण त्यांना ऐकवलं. मध्येच थांबून मला विचारलं, "सड गरम लागला तं शेक द्याचा का थंड पाणी?" मी उत्तर दिलं. "ऐकलं नं?" पुतळ्याला म्हणाल्या. "हे कामाचं हाय. तुह्या दहा पानांच्या चांदण्याईपेक्षा."

तो त्यांच्या घरी आला कसा, ते शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी मला सांगितलं. वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं. समितीनं पुस्तकं पोत्यांत भरून गोदामात टाकली, आणि जागेवर दुकानांचे गाळे काढले. दुरुस्तीपुरतं म्हणून बंद केलेलं वाचनालय पुन्हा उघडलंच नाही. मोडक्या खुर्च्या, गंजलेले पंखे आणि लेखकबुवा मागच्या अंगणात भंगारवाल्याची वाट बघत पडले होते. सिस्टर तिथून जात होत्या. त्यांनी ऑटो थांबवला, चाचांना हाक मारली, आणि दोघांतिघांनी मिळून पुतळा घरी आणला. समितीच्या अध्यक्षांनी तेव्हा दारातून बघितलं होतं. "न्या सिस्टर, न्या. आमचं ओझं कमी," असं म्हणालेही होते.

मी येऊन वर्ष होत आलं असेल. अमरावतीचे एक चित्रकलेचे प्राध्यापक चाचांकडच्या लग्नाला आले, त्यांना व्हरांड्यातून पुतळा दिसला. दुपट्टा काढून त्यांनी मानेमागे बोट फिरवलं, तर कोरलेली सही निघाली. ते जमिनीवरच बसले. अशी कामं आता देशात मोजकीच उरली आहेत म्हणाले. वर्तमानपत्रात फोटो आला, सिस्टर, पुतळा आणि मागे वाळत घातलेली माझी ओढणी. आणि गावाला एकदम आपला वारसा आठवला.

दुसऱ्याच आठवड्यात समिती घरी. अध्यक्ष कापसाचे व्यापारी, गोड बोलणारे. चौकात ग्रॅनाइटचा चबुतरा, वर छत्री, भोवती कारंजं असा त्यांचा बेत होता. लेखकबुवांची नात पुण्याहून अनावरणाला यायची होती.

सिस्टरनी सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "देईन की. पण पुस्तकं कुठी हायेत?"

"गोदामात आहेत, सुरक्षित."

"पहिले ते काढा. वाचनालय उघडा. जिथं पुस्तकं तिथं बुवा. चौकात त्याले कोण वाचून दाखवीन? ट्रकवाले?"

"सिस्टर, पुतळा समितीच्या मालकीचा आहे," अध्यक्षांचा गोडवा जरा पातळ झाला. "कागद आहेत आमच्याकडे."

"मंग कागद बसवा चबुतऱ्यावर."

त्यांनी बराच वेळ समजावलं. मग जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा यांना. उगाच या वयात पोलीस-कचेरी नको." सिस्टर फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत येऊन पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. "ओलीस हायेस आता तू," त्याला म्हणाल्या. "नीट ऱ्हाय."

ही बातमी गावभर झाली आणि गावाचे दोन भाग पडले. निम्मे म्हणत, म्हातारीला वेड लागलं; बाकीचे म्हणत, सिस्टर बरोबर बोलतात. पुतण्या त्यांच्या बंजारा तांड्यावरून मोटरसायकल घेऊन आला. तो त्यांना याडी, म्हणजे आईच म्हणे. हात जोडून म्हणाला, "याडी, देऊन टाक नं. आपल्याले काय करायचं त्या मुंडक्याचं?" त्यालाही जेवू घालून परत पाठवलं. चौकात चबुतरा तयार होत होता. ग्रॅनाइट चढलं, छत्री बसली. खाली रिकामी जागा.

मग एका सकाळी ठाणेदार आले. चोरीची तक्रार आली होती. माणूस भला होता, त्यालाच संकोच वाटत होता. "सिस्टर, जबाब घ्यावा लागेल," म्हणत खुर्चीच्या कडेवर बसला.

"घे बापू. हात दे पहिले."

सवयीनं त्यानं हात दिला. सिस्टर घड्याळाकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन बीपीचं मशीन घेऊन आल्या, पट्टा बांधला, पुन्हा पुन्हा फुगवला. चेहरा बदलला. "जबाब राहू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. गाडी तू चालवू नको. डोकं दुखते का मागून?"

"दुखतं... चार-पाच दिवसांपासून."

"पोरी, गाडी काढ," त्या मला म्हणाल्या. मी माझ्या स्कूटीवर यवतमाळ जिल्ह्यातला एक ठाणेदार मागे बसवून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्याला लगेच ॲडमिट करून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्यांनी त्याच्या बायकोला सांगितलं.

गावात या गोष्टीवर हशा पिकला, पण त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर सिस्टर पिशवी भरत होत्या. दोन पातळं, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या, कंगवा, दिवाळी अंक.

"कुठे निघालात?"

"आज नाही तं उद्या नेतीनच नं. दुसरा कोणी येईन." त्यांनी पिशवीचं तोंड दोरीनं बांधलं, पुन्हा सोडलं. "आत वाचू देतेत का गं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या घाबरल्या आहेत. सबंध आयुष्यात ठाण्याची पायरी चढल्या नव्हत्या. मी म्हटलं, द्या ना तो पुतळा. एवढं कशासाठी?

त्या बाजेवर बसल्या, आणि मग सांगू लागल्या.

तांड्यातून शाळेसाठी गावात आलेली ती पहिली मुलगी. घरी गोरबोली, शाळेत पुस्तकी मराठी. वर्गात तोंड उघडलं की पोरं हसत. म्हणून ती वाचनालयात जाऊन बसे. पहिल्या दिवशी दारातला पुतळा बघून ती रडतच पळाली होती, कोणाचं तरी कापलेलं डोकं वाटून. मग सवय झाली. वाचता वाचता एक दिवस तिला त्याच लेखकाची कादंबरी मिळाली आणि तिच्यात चक्क आपला तांडा. तीच बोरीची झाडं, तोच नाला. नायिका तांड्यातली मुलगी. "सारी कामं सोडून वाचली म्या. पयलीच डाव आपल्यासारखं कोणी पुस्तकात भेटलं होतं. अन् शेवटी यानं काय केलं? तिले विहिरीत ढकललं."

"ढकललं?"

"तिनं उडी घेतली म्हणते हा. एकच झालं. आमच्या तांड्यात कोणीच उडी घेतली नव्हती. मायच्या वक्ताले नाही, आजीच्या वक्ताले नाही. मंग यानं कुठून आणली?" त्या शाळकरी पोरीनं पुस्तक आपटलं. ग्रंथपाल म्हातारे होते, रागावले नाहीत. काय झालं ते विचारलं. तिनं सांगितल्यावर दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "मग त्याला विचार. तो काय तिथेच बसलाय."

"तवापासून इचारून राह्यली," सिस्टर म्हणाल्या. "नर्सिंगले गेली तई इचारलं. नोकरी लागली तई इचारलं. सुट्टीत आली की पहिले तठी. ते वाचनालय नसतं तं मले बोलताच आलं नसतं. आता त्या पोत्याईत आणखी किती पोट्ट्या बंद हायेत, कोणाले माहीत?"

दुसरा पोलीस आला नाही. ठाणेदारांनी दवाखान्यातून काय निरोप धाडला ते ठाऊक नाही, पण तक्रार पुढे सरकली नाही. पिशवी मात्र दाराशी तशीच होती.

अनावरणाचा दिवस उजाडला तरी चबुतरा रिकामाच होता. लेखकबुवांची नात सकाळी गावात पोहोचली. सत्तरीच्या आसपासची, आखूड केसांची, साधी बाई. चबुतऱ्यावर पुतळा का नाही, असं तिनं विचारलं आणि अध्यक्षांची उडवाउडवी ऐकून सरळ म्हणाली, "मला त्या सिस्टरकडे घेऊन चला." मागोमाग सगळी समिती आमच्या व्हरांड्यात.

नातीनं मनगट पुढे केलं. तिला रस्त्यात कोणीतरी सांगितलं असावं. मग ती पुतळ्यासमोर गेली. दुपट्ट्याखालून आजोबांचा चेहरा दिसल्यावर ती जरा हसली. कपाळावर हात ठेवला. सिस्टरनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. पहिला घोट घेऊ दिला, आणि विचारलं.

"तुमच्या आजोबानं ते पोट्टी काहून मारली?"

अध्यक्षांनी डोळे मिटले. नातीनं कप खाली ठेवला.

"माझी आजी पण हेच विचारायची," ती म्हणाली. "भांडायचे दोघं त्यावरून."

"मंग? काय म्हणत?"

"म्हणायचे, मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "सुचलं नाही?"

"नाही. छापखान्याला पानं द्यायची घाई होती. पुढे त्यांना फार वाईट वाटायचं."

मग सिस्टर हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अवो माय! सारा जन्म इचारून राह्यली मी, अन् बुवाले सुचलंच नव्हतं!" पुतळ्याच्या खांद्यावर त्यांनी एक चापट मारली. पेशंटला धीर देताना मारतात, तशी. नातही हसत होती, आणि तिचेही डोळे भरले होते.

दुपारी सभा झाली ती रिकाम्या चबुतऱ्यासमोर. भाषणं झाली. शेवटी नात उठली. "पुतळा मी पाहिला," ती म्हणाली. "चांगल्या माणसाकडे आहे. तो हलवायचाच असेल तर वाचनालयात हलवा. ते कुठे आहे, मला कोणी दाखवेल का?"

अध्यक्ष हातातली कार्यक्रमपत्रिका वाचू लागले. टाळी पहिल्यांदा मागून वाजली, कोर्टाच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींकडून. मग पुढे सरकत सरकत मंचापर्यंत आली.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. गोदाम उघडलं तेव्हा कितीतरी पोती वाळवीनं भुगा केलेली निघाली. सिस्टर त्या भुग्यात हात घालून उभ्या होत्या. पण जी शाबूत होती ती पोती न्यायला ठाणेदारांनी गाडी पाठवली. ते आता बरे होऊन कामावर आले होते. बसस्टँडजवळचा बंद पडलेला जुना दवाखाना समितीनं दिला. द्यावाच लागला. चाचांनी लोखंडी रॅक जोडून दिले. "लकडी को हात नहीं लगाऊंगा, दीमक को दावत नहीं देनी," म्हणाले. नातीनं पुण्याहून पुस्तकांची खोकी पाठवली. अध्यक्ष स्वतः येऊन रंगाच्या छटा निवडू लागले, आणि सिस्टरनी त्यांना निवडू दिल्या.

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसल्या. आधी बायकांसाठी संडास, मग बाकीचं.

"वाचनालयात संडास कायले?" समितीतल्या एकानं विचारलं.

"बायकाईले तुमच्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं राहता येत नाही म्हणून."

संडास झाला. मग पुतळा. उचलताना चार माणसांना घाम फुटला. सिस्टर टेम्पोत मागे त्याच्या शेजारी बसल्या, धक्का लागू नये म्हणून त्याच्या मानेमागे हात धरून. गावातून ती वरात निघाली तेव्हा दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. उद्घाटनाला तांड्यातल्या बायका ट्रॅक्टरनं आल्या होत्या. सिस्टरना दोन शब्द बोला म्हटलं, तर त्या गोरबोलीतच बोलल्या. गावात त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला फारसं कळलं नाही. ट्रॅक्टरवाल्या बायकांना कळलं. त्यांच्यातली एक म्हातारी मध्येच मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि सगळ्या जणी हसल्या.

माझी बदली झाली, मी बाभुळगावला आले. परवा कामानिमित्त तिकडे जाणं झालं. गुरुवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. वाचनालय भरलेलं, आणि बहुतेक बाजाराला आलेल्या बायका. सुरुवातीला त्या फक्त संडासासाठी येत, असं सिस्टरनी मला सांगितलं. मग पंख्याखाली बसू लागल्या. मग बसल्याच आहेत, तर सिस्टरनी वाचून दाखवायला सुरुवात केली. सध्या कोणा नव्या लेखिकेची कादंबरी चालू होती. जमिनीच्या खटल्यात एक बाई कोर्टात उभी राहते, तो भाग आला होता. सिस्टरचा आवाज आता थोडा थकला आहे, पण वकिलाचं बोलणं वकिलासारखंच वाचतात. पिशव्यांतून कोथिंबीर डोकावत होती, एकीच्या मांडीवर लेकरू झोपलेलं होतं.

दारात कंडक्टर आला. "अवो बाया हो, गाडी सुटून राह्यली! चला!"

कोणी उठलं नाही. दाराजवळची एक बाई मान न वळवता म्हणाली, "थांब नं भाऊ. जजपुढं ते बाई काय सांगते, तेवढं ऐकू दे."

कंडक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. त्या वाचायच्या थांबल्या नव्हत्या. तिकिटाचं मशीन काखेत घेऊन तो चौकटीला टेकला. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. परत दिला. थोड्या वेळानं त्यानं इंजिन बंद केल्याचा आवाज आला.